प्रेरक तंत्रिका तंत्राची विद्युत् परीक्षा

मेंदू, मेरुरज्जू, तंत्रिका (मज्जातंतू) आणि स्नायू यांत हालचालीच्या वेळी होणाऱ्या विद्युत् घडामोडींची नोंद करून, हालचालींचे नियंत्रण कोठपर्यंत शाबूत आहे व कोठे खंडित झाले आहे हे ठरविण्याच्या निरनिराळ्या पद्धतींना हे नाव देतात. विद्युत् स्नायुलेखन, तंत्रिका-संवहनाची परीक्षा, प्रतिक्षेपांचे विद्युत् मापन, मेंदूचे चुंबकीय उद्दीपन आणि विद्युत् मस्तिष्कालेखन या त्यांपैकी प्रमुख पद्धती होत. हृदयाचा विद्युत् आलेख बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असतो. या परीक्षांचे भौतिक तत्त्वही तेच आहे. परंतु हृदयाच्या आलेखावरून पुष्कळदा विकृतीचे नाव सांगता येते, तसे येथे क्वचितच घडते. या परीक्षा मुख्यतः विकृतीची जागा सांगतात. पाय लुळे पडलेल्या दोन रुग्णांपैकी एकाचा दोष मेंदूकडून येणाऱ्या मार्गात, तर दुसऱ्याचा मेरुरज्जूतील कोशिकांत (पेशींत) असू शकतो. दोघांचेही चालणे थांबलेले असते. पण त्यांचे उपचार आणि भवितव्य सर्वस्वी भिन्न असतात. हा भेद करण्याकरिता या परीक्षांचा सर्वाधिक उपयोग होतो.

हालचालीचा मार्ग : ऐच्छिक हालचालीचा आवेग प्रमस्तिष्काच्या बाह्यकातील प्रेरक क्षेत्रातून निघतो. तेथील कोशिकांचे अक्षतंतू मस्तिष्क स्तंभातून खाली येतात, लंबमज्जेत बहुतांशी विरुद्ध बाजूस ओलांडतात आणि मेरुरज्जूच्या अग्रशृंगातील कोशिकांपाशी संपतात. येथवरचा भाग म्हणजे ऊर्ध्व प्रेरक मार्ग होय. अग्रशृंग कोशिकेचा अक्षतंतू मेरुरज्जूतून बाहेर पडून तंत्रिकेवाटे स्नायूपर्यंत पोहोचतो. हा अधर प्रेरक मार्ग होय. निमस्तिष्क व मस्तिष्क तलातील कोशिकापुंज स्वतः स्नायूंना आज्ञा देत नाहीत. ते आज्ञेचे मोजमाप व वेळ सांभाळतात. ऊर्ध्व मार्ग तुटला, तर स्नायू ताठर होतात, गुडघ्याचा प्रतिक्षेप तीव्र होतो आणि स्नायूंचे मांस फारसे झडत नाही. अधर मार्ग तुटला, तर स्नायू लुळे पडतात, प्रतिक्षेप नाहीसा होतो व काही आठवड्यांत स्नायू झडू लागतात.

हे नियंत्रण एकाच पातळीवर चालत नाही, हे रोजच्या अनुभवातील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बोरिवलीहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकल गाडीत एक प्रवासी काहीही न धरता उभा आहे आणि गाडीला अचानक हिसका बसतो. पोटरीच्या स्नायूंवर ताण पडल्यापासून सु. ४० ते ५० मिलिसेकंदांत त्यांत पहिले लहानसे आकुंचन होते. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) हे काम एकट्या मेरुरज्जूचे असते. त्यानंतर, सु. १०० मिलिसेकंदांच्या आसपास, अधिक मोठे व परिस्थितीला साजेसे आकुंचन येते. त्यात मस्तिष्क स्तंभ व बाह्यक यांचा भाग असतो. ‘आपण पडतो आहोत’ असे जाणून हात वर करून कडी पकडणे ही ऐच्छिक क्रिया या सर्वांच्या मागून येते. ज्याचा प्रवास रोजचा आहे, तो तर गाडी स्थानकात शिरून वेग कमी होण्यापूर्वीच नकळत अंगाचा तोल सावरून घेतो. येथे मेंदूची आज्ञा धक्क्याच्या आधी निघालेली असते. स्नायूंवर विद्युत् अग्रे (विद्युत् संकेत टिपणाऱ्या चकत्या वा सुया) लावल्यास या तिन्ही-चारही पायऱ्या आलेखावर वेगवेगळ्या दिसतात. निमस्तिष्काच्या विकारात पहिली पायरी शाबूत राहून पुढचे मोजमाप बिघडते, तर मधुमेहामुळे पायांच्या तंत्रिका क्षीण झालेल्या रुग्णात पहिली पायरीच उशिरा येते किंवा येत नाही.

इतिहास : बेडकाच्या पायावरील लूईजी गॅल्व्हानी यांचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले व प्राण्यांच्या शरीरातील विजेचा प्रश्न पुढे आला. तंत्रिकेतील आवेगाचा वेग मोजता येण्याजोगा नसावा, असा त्या काळच्या अनेक शरीरक्रियावैज्ञानिकांचा समज होता. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५० मध्ये बेडकाच्या तंत्रिकेत तो मोजला आणि सेकंदाला सु. २७ मी. इतका माफक ठरविला. जर्मनीतच गुस्टाफ फ्रिट्श व एडूआर्ट हिट्सिख यांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या विशिष्ट भागाला क्षीण विद्युत् प्रवाहाने उद्दीपित करून विरुद्ध बाजूच्या पायाची हालचाल घडविली. प्रेरक क्षेत्राची कल्पना येथून दृढ झाली. चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रतिक्षेपांचे नियम बसविले व अग्रशृंग कोशिका, तिचा अक्षतंतू आणि त्याने चालविलेले सर्व स्नायुतंतू मिळून प्रेरक एकक बनते ही कल्पना मांडली. एडगर एड्रिअन व डेटलेव्ह ब्राँक यांनी १९२९ मध्ये बारीक पोकळ सुईत तार बसवून केलेल्या विद्युत् अग्राने मनुष्याच्या स्नायूतील अशा एककांचे संकेत टिपले. त्याच वर्षी हान्स बेर्गर यांनी मनुष्याच्या मेंदूच्या विद्युत् आलेखाविषयीचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. शेरिंग्टन व एड्रिअन यांना १९३२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अखंड कवटीवरून मेंदूचे प्रेरक क्षेत्र उद्दीपित करणे मात्र १९८० पर्यंत साधले नव्हते. त्या वर्षी पी. ए. मर्टन व एच. बी. मॉर्टन यांनी उच्च दाबाच्या विद्युत् स्पंदाने ते इंग्लंडमध्ये केले. ही पद्धत वेदनादायक होती. अँटनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शेफील्ड येथे चुंबकीय उद्दीपक वापरून वेदनेची अडचण दूर केली.

विद्युत् स्नायुलेखन : स्नायूत बारीक सुई घालून तीन अवस्थांत नोंद करतात : स्नायू पूर्ण शिथिल असताना, तो हळूच आकुंचित केल्यावर व पूर्ण जोर लावल्यावर. निरोगी शिथिल स्नायू विद्युत् दृष्ट्या स्तब्ध असतो. हलक्या आकुंचनात एकेका प्रेरक एककाचे संकेत सुटे दिसतात. त्यांचा कालावधी साधारणपणे ५ ते १५ मिलिसेकंद असतो. जोर वाढविला की आणखी एकके सामील होतात व शेवटी पडद्यावर संकेतांची दाट गर्दी होऊन मूळ रेषा दिसेनाशी होते.

अग्रशृंग कोशिका अथवा तिचा अक्षतंतू नष्ट झाला, तर त्याच्या आश्रयाचे स्नायुतंतू पोरके होतात आणि कोणाच्याही आज्ञेविना आपापले स्फुरण पावू लागतात. या स्फुरणांचा ध्वनी उपकरणाच्या ध्वनिक्षेपकातून पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखा ऐकू येतो. अनुभवी परीक्षक आलेखाकडे पाहण्यापूर्वी कानानेच तो ओळखतो. पुढील महिन्यांत शेजारची जिवंत एकके आपल्या अक्षतंतूंना नवे फाटे फोडून या पोरक्या तंतूंना दत्तक घेतात. त्यामुळे उरलेल्या एककांचे संकेत मोठे, लांब व अनेक टोकांचे बनतात. बालपक्षाघात (पोलिओ) होऊन गेलेल्या व्यक्तीच्या स्नायूत असे प्रचंड संकेत पुढे अनेक वर्षे आढळतात. म्हणजे सुईला केवळ नाश दिसतो असे नाही, दुरुस्तीही दिसते, आणि दोन्हींच्या प्रमाणावरून इजा ताजी आहे की जुनी हे ठरविता येते.

येथे एक व्यावहारिक मर्यादा ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पोरक्या तंतूंची स्फुरणे इजा झाल्याबरोबर दिसत नाहीत, त्यांना सु. दोन ते तीन आठवडे लागतात. अंगघाताच्या चौथ्या दिवशी केलेली सुईची परीक्षा निर्दोष आली, म्हणून अग्रशृंग कोशिका शाबूत आहेत असा निष्कर्ष काढणे चूक होय. नातेवाइकांच्या आग्रहामुळे वा घाईमुळे परीक्षा फार लवकर केली जाते आणि ती पुन्हा करण्याचे राहून जाते, असे पुष्कळ ठिकाणी घडते.

तंत्रिका-संवहन व मेरुरज्जूचे प्रतिक्षेप : तंत्रिकेवर दोन ठिकाणी त्वचेवरून विद्युत् उद्दीपन करून स्नायूच्या प्रतिसादाला लागणाऱ्या वेळांतील फरक काढला व दोन जागांमधील अंतराला त्याने भागले की आवेगाचा वेग मिळतो. निरोगी प्रौढात तो हातात सेकंदाला सु. ५० मी. वा अधिक व पायात सु. ४० मी. वा अधिक असतो. अक्षतंतूंचे वसावरण (मायेलिन) नष्ट झाले तर वेग बराच घटतो; अक्षतंतूच मेले तर वेग फारसा न घटता प्रतिसादाची उंची कमी होते. कुष्ठरोगात कोपराजवळच्या तंत्रिकेत वेग एकाच टापूत मंद झालेला आढळतो. तापमानाचा या मापनावर मोठा परिणाम होतो. त्वचा एक अंश सेल्सियसने थंड झाली की वेग सेकंदाला सु. २ मी.ने उतरतो. पाश्चात्त्य ग्रंथांत ही सूचना हिवाळ्यासाठी दिलेली असते. मुंबईच्या उकाड्यात तिची गरज नाही असे वाटण्याचा संभव आहे. परंतु वातानुकूलित खोलीत अर्धा तास बसून राहिलेल्या रुग्णाचे हात चांगलेच थंड झालेले असतात व निरोगी तंत्रिकाही रोगट ठरू शकते. हात कोमट पाण्याने ऊबदार करून घेणे हा त्यावरील साधा उपाय होय.

वरील मापन मेरुरज्जूपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी दोन परीक्षा वापरतात. पाउल होफमान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वर्णिलेल्या प्रतिक्षेपात गुडघ्यामागील तंत्रिका हलकेच उद्दीपित करतात. आवेग संवेदी तंतूंतून मेरुरज्जूत जातो, तेथे अग्रशृंग कोशिकेला चेतवितो आणि प्रेरक तंतूंतून पोटरीपर्यंत परत येतो. या फेरीला प्रौढात सु. ३० मिलिसेकंद लागतात. ऊर्ध्व मार्गाचा अंकुश सुटला की हा प्रतिक्षेप अधिक मोठा होतो. अशा रीतीने ताठरपणाचे काही अंशी मोजमाप करता येते. दुसऱ्या परीक्षेत मनगटाशी तंत्रिका जोराने उद्दीपित करतात. आवेग खाली स्नायूकडे जातो, तसाच प्रेरक तंतूंतून उलटा वर मेरुरज्जूपर्यंतही जातो आणि तेथील काही कोशिकांना चेतवून पुन्हा खाली येतो. या परतीच्या तरंगाचे वर्णन १९५० मध्ये प्रथम पायाच्या पंजातील स्नायूंत करण्यात आले. मेरुरज्जूतून निघणारी तंत्रिकामुळे दाबली गेली वा सुजली असतील, तर हा तरंग उशिरा येतो वा नाहीसा होतो.

तंत्रिका व स्नायू यांच्या सांध्याची परीक्षा वेगळी आहे. तंत्रिका सेकंदाला दोन-तीन वेळा या गतीने लागोपाठ उद्दीपित केल्यास निरोगी स्नायूचा प्रतिसाद कायम राहतो. सांध्यातील रासायनिक संदेशाचे ग्रहण बिघडले असेल, तर तो चौथ्या-पाचव्या उद्दीपनापर्यंत उतरत जातो. नागाच्या विषाने पापण्या मिटू लागलेल्या रुग्णात अशी उतरंड दिसू शकते. मण्यारीच्या विषाने तंत्रिकेची टोकेच निकामी होतात. त्यामुळे पहिलाच प्रतिसाद लहान असू शकतो.

मेंदूचे चुंबकीय उद्दीपन : डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा विद्युत् प्रवाह सोडला असता निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनाअडथळा आत जाते व बाह्यकात क्षीण प्रवाह उत्पन्न करते. प्रेरक क्षेत्रावर हे केल्यास विरुद्ध बाजूचा हात झटकन हलतो. रुग्णाला टिचकीचा आवाज येतो, वेदना जवळजवळ होत नाही. मेंदूपासून हाताच्या स्नायूपर्यंत आवेगाला सु. २० मिलिसेकंद लागतात. त्यातून मेरुरज्जूपासून स्नायूपर्यंतचा वेळ वजा केला की केवळ मेंदू व मेरुरज्जू यांतील प्रवासाचा काळ उरतो, यास मध्यवर्ती संवहनकाल म्हणतात.

हा हिशेब करण्याची युक्ती सुबक आहे. मेंदूपासून करंगळीच्या स्नायूपर्यंतचा वेळ २१ मिलिसेकंद आला असे समजू. मनगटाशी उद्दीपन केल्यावर सरळ प्रतिसाद ३ व परतीचा तरंग २७ मिलिसेकंदांनी आला. २७ व ३ यांची बेरीज करून मेरुरज्जूतील कोशिकेत वळण्यासाठी लागणारा सु. १ मिलिसेकंद वजा केला व उरलेल्याचे अर्धे केले, की १४·५ मिलिसेकंद हा मेरुरज्जूपासून स्नायूपर्यंतचा वेळ मिळतो. २१ मधून तो वजा जाता मध्यवर्ती संवहनकाल ६·५ मिलिसेकंद येतो. हा निरोगी आकडा होय. मेरुरज्जूवर मानेत मणक्याचा दाब पडल्यास, किंवा वसावरण झिजविणाऱ्या रोगात, हा काळ दुपटीनेही वाढू शकतो व तंत्रिका-संवहन मात्र निर्दोष असते.

मेंदूत रक्तस्राव होऊन वा रक्तवाहिनी बंद पडून अर्धांगवायू झालेल्या रुग्णाच्या बाबतीत या परीक्षेला विशेष महत्त्व आहे. पहिल्या काही दिवसांत हात पूर्ण निर्जीव दिसत असूनही चुंबकीय उद्दीपनाने हाताच्या स्नायूत प्रतिसाद मिळाला, तर प्रेरक मार्गाचे काही तंतू जिवंत आहेत असे कळते व हाताचा उपयोग परत येण्याची आशा बाळगता येते. प्रतिसाद न मिळणे हे चिन्ह चांगले नाही; तथापि तेवढ्यावरून व्यायामोपचार थांबविणे समर्थनीय ठरत नाही.

हालचाल करण्याचा निश्चय मेंदूत केव्हा होतो, हाही प्रश्न विद्युत् आलेखाने हाताळला गेला आहे. एच. एच. कोर्नहूबर व ल्यूडर डेके यांनी १९६५ मध्ये असे दाखविले की, मनुष्य आपल्या इच्छेने बोट हलवितो त्याच्या सु. एक सेकंद वा त्याहूनही आधी डोक्याच्या मध्यभागावरील विद्युत् दाब हळूहळू बदलू लागतो. या ‘सिद्धता विभवा’चा इच्छास्वातंत्र्याशी संबंध जोडून तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. रुग्णपरीक्षेत त्याचा उपयोग मर्यादित आहे.

डोळ्यांच्या साथीनंतरचा अंगघात : या परीक्षांचा अर्थ समजून घेण्यास मुंबईतील एक प्रकरण उपयुक्त आहे. घानामध्ये १९६९ मध्ये उद्‌भवलेली, डोळ्यांत रक्त उतरविणारी नेत्रश्लेष्मशोथाची साथ १९७१ मध्ये मुंबईत पसरली. डोळे येणे हा तसा लोकांच्या अंगवळणी पडलेला विकार. या साथीतही आठवड्याभरात डोळे बरे होत. परंतु त्यानंतर काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी थोड्या रुग्णांच्या कमरेत व पायांत कळा येऊ लागल्या आणि एक किंवा दोन्ही पाय लुळे पडले. दोष बहुधा असमान असे, मांडीचे स्नायू अधिक दुबळे होत, संवेदना शाबूत राही. रुग्ण बालके नसून मुख्यतः प्रौढ, त्यांतही पुरुष अधिक होते. नोशीर वाडिया, पी. एफ. इराणी व एस. एम. कात्रक यांनी १९७२ व १९७३ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात या विकाराचे वर्णन करून डोळ्यांच्या साथीशी त्याचा संबंध जोडला. मुंबईत १९८१ मध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा असेच रुग्ण आढळले व रक्तातील प्रतिपिंडांच्या अभ्यासाने हा संबंध पक्का झाला. या विषाणूला एंटेरोव्हायरस ७० असे नाव आहे. तो बालपक्षाघाताच्या विषाणूच्याच कुळातील आहे.

अशा रुग्णासमोर वैद्याला पडणारा प्रश्न असा : हा दोष अग्रशृंग कोशिकांचा, की तंत्रिकांच्या वसावरणाचा? दुसऱ्या प्रकारचा तीव्र विकार (गीयँ-बारे लक्षणसमूह) प्रौढांना होतोच. त्यातही पाय लुळे पडतात व प्रतिक्षेप जातात. त्याच्यावर आज रक्तद्रव बदलण्याचा वा प्रतिपिंडे शिरेतून देण्याचा उपचार आहे आणि बहुसंख्य रुग्ण चालू लागतात. मेलेली अग्रशृंग कोशिका मात्र कोणत्याही औषधाने परत येत नाही. वसावरणाच्या विकारात संवहनाचा वेग बहुधा घटतो, परतीचा तरंग लवकरच नाहीसा होतो व संवेदी प्रतिसादही बिघडू शकतात. अग्रशृंगाच्या विकारात संवेदी प्रतिसाद निर्दोष, वेग जवळजवळ निर्दोष, प्रेरक प्रतिसाद मात्र खुजा व तीन आठवड्यांनी सुईच्या परीक्षेत पोरक्या तंतूंची स्फुरणे, असे चित्र दिसते. प्रत्येक परीक्षा एकटी अपुरी असून तिन्हींच्या मेळातून जागा निश्चित होते. ती झाली तरी विषाणूचे नाव आलेखात नसते. त्यासाठी ‘महिन्यापूर्वी डोळे आले होते काय?’ हा प्रश्न रुग्णाला विचारावाच लागतो.

या दोन्ही साथींच्या काळात मुंबईतील चारही वैद्यकीय महाविद्यालये व त्यांची रुग्णालये (भायखळ्याचे ज. जी., परळचे के. ई. एम., मुंबई सेंट्रलचे नायर व शीवचे लोकमान्य टिळक) मूळ शहरातच होती. हाजी अली येथील भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही (स्थापना १९५५) शहरातच. मुलुंड, घाटकोपर वा बोरिवलीच्या रुग्णाला लुळे पाय घेऊन तेथवर यावे लागे. उपनगरांतील महापालिकेचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय विलेपार्ले येथील कूपर रुग्णालयात २०१५ मध्ये सुरू झाले. आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अनेक खाजगी रुग्णालयांत व निदान केंद्रांत या परीक्षा होतात. उपकरणे पोहोचली तितक्या वेगाने प्रशिक्षित परीक्षक पोहोचलेले नाहीत, हे मात्र नमूद केले पाहिजे.

लाखेच्या डाळीचा अंगघात : वरील विकाराच्या नेमके उलट चित्र विदर्भ व मध्य प्रदेश यांना परिचित असलेल्या कलायखंज या रोगात दिसते. लाख अथवा लाखोळी हे पीक अवर्षणातही तग धरते. दुष्काळात महिनोन् महिने तिचीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास काहींचे पाय ताठ होतात. रुग्ण चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत, काठीच्या आधाराने चालतो. यास कारणीभूत असलेले विषारी ॲमिनो अम्ल बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९६४ मध्ये शोधून काढले. येथे ऊर्ध्व प्रेरक कोशिकांना, विशेषतः पायांकडे जाणाऱ्या लांब अक्षतंतूंना, इजा होते. म्हणून सुईच्या परीक्षेत स्फुरणे बहुधा आढळत नाहीत, तंत्रिका-संवहन निर्दोष असते, प्रतिक्षेप मात्र वाजवीपेक्षा मोठे असतात. चुंबकीय उद्दीपनाला पायांतून मिळणारा प्रतिसाद उशिरा येतो वा येतच नाही. मुंबईच्या रुग्णात तुटलेला भाग या रुग्णात शाबूत असतो आणि याचा तुटलेला भाग त्याच्यात शाबूत असतो. दोघेही रुग्ण ‘पाय गेले’ एवढेच सांगतात.

डोळ्यांच्या मंद हालचाली : विद्युत् परीक्षेच्या आधी डोळसपणे केलेले निरीक्षण किती दूर नेते, याचे उदाहरणही मुंबईतील आहे. वाडिया व आर. के. स्वामी यांनी १९७१ मध्ये ब्रेन या नियतकालिकात नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. या रुग्णांचा तोल निमस्तिष्काच्या ऱ्हासामुळे जात असे. त्याशिवाय त्यांची दृष्टी एका वस्तूवरून दुसरीकडे झेप न घेता सावकाश सरकत असे. निरोगी डोळ्याची झेप सेकंदाला कित्येक शे अंश इतक्या वेगाने होते. बुबुळाच्या पुढील व मागील भागांत विद्युत् दाबाचा कायम फरक असल्याने डोळ्याच्या दोन्ही कडांना विद्युत् अग्रे लावून हा वेग मोजता येतो व मंदपणा आकड्यांत सांगता येतो. मस्तिष्क स्तंभातील ज्या कोशिका ही झेप सुरू करतात, त्यांच्या ऱ्हासाचे ते चिन्ह होय. अनेक आनुवंशिक निमस्तिष्क विकारांपैकी एकाचे जनुक १९९६ मध्ये ओळखले गेले आणि १९९८ मध्ये वाडिया व सहकाऱ्यांनी भारतीय कुटुंबांत मंद नेत्रझेपेचा त्याच्याशी असलेला संबंध दाखविला.

शस्त्रक्रियेतील उपयोग : पाठीचा कणा सरळ करताना वा मेरुरज्जूतील गाठ काढताना रुग्ण बेशुद्ध असल्याने पाय हलतात की नाही हे विचारता येत नाही. पूर्वी शस्त्रक्रियेच्या मध्यात भूल हलकी करून रुग्णाला पाय हलविण्यास सांगत. आता डोक्यावरून विद्युत् स्पंद देऊन पायांच्या स्नायूंतील प्रतिसाद थोड्याथोड्या वेळाने पाहिले जातात. प्रतिसाद एकाएकी नाहीसा झाला, तर शल्यविशारद थांबतो, ओढ सैल करतो, रक्तदाब वाढवितो. काही मिनिटांत प्रतिसाद परत आल्यास इजा टळण्याचा बराच संभव असतो. श्वासावाटे देण्याच्या भूलद्रव्यांनी व स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांनी हे प्रतिसाद मावळतात. म्हणून भूलतज्ञाशी आधी विचारविनिमय आवश्यक असतो. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या विस्थापनात हे विशेष उपयोगी पडते. त्यामुळे मेरुरज्जूवर येणाऱ्या दाबाचा वाडिया यांचा अभ्यास १९६७ मध्ये, तर हे मणके पट्टी व स्क्रू यांनी जखडण्याची अतुल गोयल यांची पद्धत १९९४ मध्ये, दोन्ही मुंबईतूनच प्रसिद्ध झाली.

मर्यादा व दक्षता : सुईच्या परीक्षेत किंचित वेदना होते, रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्याने ती आधी सांगावीत. हृदयाचा कृत्रिम गतिकारक, कानातील रोपित श्रवणयंत्र वा मेंदूतील धातूची चाप असल्यास चुंबकीय उद्दीपन करीत नाहीत; अपस्माराच्या रुग्णात ते विचारपूर्वक करतात. त्वचेवरील घाम व तेल यांनी विद्युत् अग्रांचा संपर्क बिघडतो, आणि घरगुती वीजपुरवठ्याची सेकंदाला ५० आवर्तनांची गुणगुण आलेखात शिरते. पावसाळ्यात भूसंपर्काची तार नीट तपासून घेतात. परीक्षा निर्दोष येणे म्हणजे दुबळेपणा काल्पनिक असणे नव्हे : वेदनेमुळे, मेंदूच्या इतर भागांतील दोषामुळे अथवा मानसिक कारणामुळे येणारी दुर्बलता रुग्णाच्या दृष्टीने तितकीच खरी असते. अहवालात आकड्यांबरोबर रुग्णाचे वय, उंची, त्वचेचे तापमान आणि विकार सुरू होऊन किती दिवस झाले, एवढे नमूद नसेल, तर दुसऱ्या वैद्याला त्या आकड्यांचा फारसा उपयोग होत नाही.